सांगलीला नेलेली हळद

आमच्या दादाच्या लग्नात नवरीच्या अंगाला हिंगाचा वास येत होता. ही गोष्ट त्या दिवशी चार बायकांच्या ध्यानात आली आणि चौघींनीही ती सभ्यपणानं गिळली. तिघींचा सभ्यपणा खरा होता. चौथी मी. माझ्या सभ्यपणाचं खरं नाव भीती.

मी कमी बोलणारी म्हणून आमच्या नात्यात प्रसिद्ध आहे. "हिच्या पोटात काही गेलं की विहिरीत धोंडा पडल्यासारखं," असं आई माझं कौतुक करायची. त्या विहिरीत नेमका कुठला धोंडा पडलाय हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ते कौतुक इतकी वर्षं टिकलं.

लढाई नुकती संपली होती. साखर रेशनवर, कापड रेशनवर, रॉकेल रेशनवर. दादा साताऱ्यात शाळामास्तर होता आणि त्या दिवसांत आमच्या भागात साध्या लग्नांचं जे वारं सुटलं होतं, ते आमच्या दारातून आत येऊन थेट त्याच्या डोक्यात शिरलं होतं. मुलगी सांगलीची ठरली. ठरल्यावर दादानं जाहीर केलं, "हुंडा नको, वाजंत्री नको, जरीचं काही नको आणि मांडवही नको. झाडाखाली लग्न लावायचं. जे लागेल ते घरी करायचं."

वडील म्हणाले, "नवरी तरी लागेल ना? ती घरी होत नाही."

मुलीकडच्यांचा सांगलीबाहेर कृष्णेच्या काठाला मळा होता. तिथं आंब्याची आठ-दहा झाडं, मधोमध एक जुनी आवळी. मुलीचे वडील हौशी. त्यांना ही कल्पना दादापेक्षाही जास्त आवडली. तुळशीचं लग्न झालं की लगेच, कार्तिकातच मुहूर्त धरला. पाऊस गेलेला, ऊन कोवळं, शेवंती फुललेली. ऐकायला फार छान होतं. आई मात्र कपाळाला हात लावून बसली.

"लग्न आहे की आवळीभोजन?"

कार्तिकात लोक डबे बांधून आवळीखाली जेवायला जातात, तसा हा प्रकार तिला वाटला. वडिलांनी समजूत घातली. "अगं, आवळीखाली लग्न म्हणजे आवळा देऊन कोहळा काढणं. आपला आवळा तर हा बसलाय." दादा तेव्हा टकळीवर सूत काढत बसला होता. त्यानं मान वर केली नाही, कारण वर केली की सूत तुटायचं.

हे सूत अंतरपाटाचं. आपल्या लग्नाचा अंतरपाट आपल्याच हातच्या सुताचा हवा, असा त्याचा हट्ट. त्याचं सूत म्हणजे एका हातावर सुतळी आणि पुढच्या हातावर कोळ्याचं जाळं. भाद्रपदात सुरू केलेलं काम दसऱ्यापर्यंत चाललं. शेवटी सगळ्या लडी घेऊन तो विणकराकडे गेला. विणकरानं त्या हातात तोलल्या, दादाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, ह्यात पंचा हुईल. बरा हुईल."

तसंच झालं. अंतरपाट घरी आला तो पंच्याहून थोडा मोठा आणि धोतराहून बराच लहान. आईनं तो दोन हातांत उभा धरून पाहिला. "मुलगी उंच आहे म्हणतात. तिला सांगा, डोळे मिटून उभी राहा."

पण हळूहळू तीही त्या घरगुती लग्नात ओढली गेली. साखर नाही म्हणून लाडू नाहीत. मग गव्हल्यांची खीर, तीही गुळाची. दुपारी आळीतल्या बायका आमच्या ओसरीवर बसून कणकेचे तांदळाएवढे गव्हले वळायच्या आणि दादा शाळेतून आला की त्याला चिडवायच्या. "मास्तर, खीर नासली तर लग्न मोडायचं का हो?" गरम दुधात गूळ पडला की ते फाटतं, निवल्यावर घातला तर फाटत नाही, हे दादाला ठाऊक नव्हतं. तो खरंच काळजीत पडायचा. मुंडावळ्या ताज्या शेवंतीच्या करायच्या ठरल्या. पत्रावळी आम्हीच लावल्या. माझ्या पत्रावळींतून वरण गळतं हे केळवणातच सिद्ध झालं, तेव्हा त्या मुलांच्या पंगतीला ठेवल्या.

आईनं एकेक गोष्ट सोडली. बँड सोडला, पैठणी सोडली, विहिणीच्या मानाच्या पायघड्याही सोडल्या. मग एक दिवस दादाला समोर बसवून म्हणाली, "सगळं तुझ्या मनासारखं. हळद माझ्या मनासारखी."

आमच्याकडे नवऱ्या मुलाला आधी हळद लागते. त्याच्या अंगाला लागून वाटीत जी उरते ती उष्टी हळद. ती मुलीकडे जाते आणि तीच तिला लागते. ती पोचेपर्यंत मुलगी पाटावर नुसती बसून राहते. आईच्या लेखी लग्न लागायचं ते तिथं. पुढचं सगळं भटजींच्या समाधानासाठी. ती म्हणायची, "त्याच्या अंगची तिच्या अंगाला गेली की झालं. मग मांडव असो नाहीतर झाड."

ही हळद तिनं जशी केली तसं मी पुन्हा कुठं पाहिलं नाही. मुसळाला आंब्याचा डहाळा बांधून पाच सवाष्णींनी हळकुंडं फोडली. मग जात्यावर दळली, मलमलीतून दोनदा चाळली. त्यात आंबेहळद, कचोरा, नागरमोथा. डबा उघडला की माजघरभर वास सुटायचा. हळकुंडं अर्थात सांगलीचीच. साताऱ्याच्या पेठेत हळद येणार कुठून? वडील एवढी संधी थोडीच सोडणार. "सांगलीची हळद साताऱ्याला आणायची, दळायची आणि परत सांगलीला न्यायची! व्यापारी पाहिले, पण असा नाही पाहिला."

आई चाळणी आपटत म्हणाली, "येते ती सांगलीची. जाईल ती माझ्या घरची."

ती हळद नेण्याचं काम करवलीचं, म्हणजे माझं. मी सतरा-अठरा वर्षांची. त्या लग्नासाठी मला पहिलं नऊवारी मिळालं होतं. आईनं महिनाभर माझ्याकडून घरातल्या घरात पाण्यानं भरलेली वाटी नेण्याची तालीम करून घेतली. ओटीवरून परसात, परसातून ओटीवर. एक थेंब सांडला की, "हं, विसकटला संसार. पुन्हा."

आम्ही आगगाडीनं निघालो. हळदीचा डबा आईच्या मांडीवर. तो तिनं पाणी प्यायलासुद्धा खाली ठेवला नाही. समोरच्या बाकावर एक शेतकरी होता, त्याला राहवेना.

"काय हाय वो मावशी, डब्यात?"

"हळद."

"आन् निघालाय कुठं?"

"सांगलीला."

त्यानं शेजाऱ्याला ढोसलं. "ऐकलंस का रं? सांगलीला हळद! आवं, तांब्याभर पाणी बी घ्यायचं हुतं, किस्नेत वतायला!" सगळा डबा हसला. दादाही हसला, तेव्हा आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो उतरेपर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिला.

आमचा मुक्काम शेजारच्या मळ्यातल्या घरात होता. दोन मळ्यांच्या मध्ये हळदीचं शेत. हळद कमरेच्या वर आलेली, पानं केळीसारखी रुंद, सकाळच्या दवानं निथळत होती. मुलीच्या मळ्याकडे जायला शेताला वळसा घालून गाडीवाट होती, आणि शेतातून, मोटेचं पाणी ज्या चरातून वाहतं त्या दंडाकडेनं, पायवाट.

दादाला हळद लागली. आईनं स्वतः त्याच्या गालांना, हातांना, पायांना लावली. तिचे डोळे भरून आले होते आणि तो "पुरे, पुरे" म्हणत होता. मग उरलेली हळद चांदीच्या वाटीत काढून तिनं ती माझ्या हातात दिली. वरमाय स्वतः जायची नाही, तिला मानानं न्यायला यायचं असतं. वाजंत्री असती तर त्यांच्यामागून पाच-सात बायका वाजतगाजत निघाल्या असत्या. पण वाजंत्री दादाच्या तत्त्वात बसत नव्हती. तेव्हा सोबत एकट्या आत्या. त्यांचं शरीर भारी. त्या म्हणाल्या, "मी आपली गाडीवाटेनं येते हळूहळू. तू हो पुढं. मुलगी खोळंबली असेल."

मी पायवाटेनं गेले. जवळची म्हणून, असं मी आजवर सांगत आले. खरं सांगायचं तर नवं लुगडं नेसून, हातात चांदीची वाटी घेऊन हिरव्या पानांतून आपण कशा दिसत असू, ह्याचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं. पायांपुढचा दंड त्या चित्रात नव्हता. ओलांडताना काष्टा सुटून पायात आला आणि मी पाण्यात पालथी पडले. वाटी दगडावर आपटली. मी उठेपर्यंत आईची हळद दंडाच्या पाण्यातून पिवळी रेघ ओढत पुढं निघाली होती. दोन-तीन वाफ्यांत शिरली. सांगलीची हळद सांगलीच्या शेताला मिळाली.

मी परत जायला हवं होतं. दादाच्या अंगावर हळद होती, डब्यात हळद होती. आईनं मला दोन शब्द ऐकवले असते, पुन्हा त्याच्या गालाला बोटं लावून दुसरी वाटी दिली असती आणि तासाभरानं सगळं विसरलं गेलं असतं. हे मला आज समजतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की महिनाभर तालीम केलेली करवली रिकाम्या वाटीनं परत येतेय.

मी वाटी धुतली आणि मागच्या बाजूनं मुलीच्या मळ्यात शिरले. तिथं उघड्यावर चुली पेटल्या होत्या. आचारी नदीवर आंघोळीला गेलेले. सामान राखायला मळ्यावरची एक म्हातारी बसली होती.

"काय पायजे गं पोरी?"

"थोडी हळद."

तिनं माझं ओलं लुगडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठली म्हनायची तू?"

"साताऱ्याची."

"आन् सांगलीत यून हळद मागतीस! घे की बाय, लय हाय. तुमच्यात दुष्काळ पडलाय जनू."

तिनं आचाऱ्याचा डबा पुढं सरकवला. मी घाईनं दोन मुठी वाटीत घेतल्या, तांब्यातलं पाणी घालून कालवल्या. कालवताना वास वर आला. हळदीला कीड लागू नये म्हणून का काय, त्या आचाऱ्यानं हिंगाचे खडे हळदीच्याच डब्यात टाकून ठेवले होते. फोडणीसाठी दोन्ही एकदम हाताशी. मी जिथल्या तिथं थांबले. पण तेवढ्यात झाडाआडून कुणीतरी मला पाहिलं आणि ओरड झाली, "आली गं, हळद आली!"

मुलीची आई स्वतः धावत आली. "अगंबाई, अशी भिजलीस कशी?"

"दंडात पाय घसरला."

"आणि हळद?"

मी वाटी पुढं केली. त्यांनी ती माझ्या हातांतून घेतली आणि वळून सगळ्यांना सांगितलं, "बघा हो, पोर पालथी पडली, पण वाटी सोडली नाही!" चार बायकांनी माझी अलाबला घेतली. कुणी कोरडं लुगडं आणलं, कुणी गरम दूध दिलं. मी दूध प्याले. त्या दुधाची चव अजून जिभेवर आहे; काही वाईट नव्हती.

आत्या पोचायच्या आतच मुलीला हळद लागली. लावणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, नाकं किंचित हलली, पण बोललं कुणी नाही. दारी आलेली वरपक्षाची हळद. तिला नावं कशी ठेवायची?

लग्न मात्र सुंदर झालं. आवळीच्या बारीक पानांतून ऊन सांडत होतं. शेवंतीच्या मुंडावळ्या दोघांच्या कपाळांवर, त्यांभोवती एक मधमाशी सारखी घुटमळत होती. अंतरपाट धरला तसं दोघांची डोकी वर आणि पावलं खाली दिसू लागली. भटजींनी तो वर धरावा की खाली, ह्यावर दोन्हीकडचे काके वाद घालू लागले. शेवटी डोळ्यांसमोर धरला. मुलीनं मुकाट्यानं डोळे मिटले. दादा सरळ वरून बघत होता. आजही कुणी लग्नाची आठवण काढली की तो म्हणतो, "मंगलाष्टकं चालली होती आणि मला अशी कडकडून भूक लागली! फोडणीचा काय खमंग वास सुटला होता." चुली जवळच होत्या, म्हणून त्याला संशय कधी आलाच नाही. पुरुषांचं बरं असतं.

आईला आला. सूनमुख पाहताना सासू सुनेचा चेहरा आपल्या चेहऱ्याशेजारी आणून आरशात बघते. आईनं वहिनीच्या खांद्यावर हात टाकला, गालाशी गाल नेला. मी समोर आरसा धरून उभी होते, तेव्हा तिचा चेहरा मला दोनदा दिसला. नहाणं होऊनही हिंग कानामागं राहिला होता. आई हसत होती, ती हसतच राहिली. फक्त डोळे हसायचे थांबले.

पंगतीत तिनं खीर दोन घोट घेतली आणि हात आवरता घेतला. विहीणबाई आग्रह करायला आल्या त्या वर माझंच कौतुक घेऊन. "लेक गुणाची हो तुमची! पडली, पण वाटी सोडली नाही."

संध्याकाळी आईनं मला विचारलं, "हळद तू कुणाच्या हातात दिलीस?"

"त्यांच्या आईच्या."

हे अगदी खरं होतं. ह्याच्याइतकं वाईट खरं मी आयुष्यात दुसरं बोललेली नाही.

आई मान हलवून म्हणाली, "मग ती त्यांनी बाजूला ठेवली आणि घरातली लावली. त्यांना कशी चालेल आपली? सांगलीकर ना ते!" एवढंच. पुन्हा कधी ह्या विषयावर ती बोलली नाही. वहिनीला तिनं लेकीसारखं वागवलं, तिच्या बाळंतपणात रात्री जागली. पण त्या दिवसानंतर सांगलीत पाऊल टाकलं नाही. पहिल्या दिवाळसणाला तिचे गुडघे दुखले. पुढं कृष्णेला पूर होता, मग मांजर व्यायली होती, मग परसातली पपई पिकायला आली होती. वडील म्हणायचे, "हिचे गुडघे माहुलीला देवाला जाताना दुखत नाहीत. फक्त दक्षिणेकडे तोंड केलं की दुखतात."

विहीणबाई दर संक्रांतीला आपल्या मळ्यातल्या हळदीची पुरचुंडी पाठवत. आई ती दोन्ही हातांनी घ्यायची आणि थेट लोणच्याच्या फडताळात ठेवायची. देवाला, सणाला, कुणाच्या अंगाला ती हळद कधी लागली नाही. वहिनी ते बघायची.

वहिनीचं डोहाळजेवण तिच्या आईनं त्याच आवळीखाली केलं. आईनं मला पाठवलं. तिथं वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "वन्सं, एक विचारू? माझ्या आईचं काही चुकलं का हो लग्नात? सासूबाई कधीच येत नाहीत. आई सारखी विचारते मला. मानपानात काही राहिलं का?" तिच्या ओटीत फुलं होती, हातांत हिरवा चुडा. शेताच्या पलीकडे तो दंड दिसत होता.

मी म्हटलं, "छे, गुडघे गं तिचे."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आमच्यात मग बारीकसारीक सगळं बोलणं होई, पण तो प्रश्न तिनं पुन्हा मला विचारला नाही.

पुढं माझंही लग्न झालं, मुलं झाली. सासर गावातच, त्यामुळे माहेरी रोजचं येणंजाणं. वडील गेले. विहीणबाई आणि आई दोघी म्हाताऱ्या झाल्या. त्या एकमेकींना निरोप पाठवायच्या, पापड पाठवायच्या. फक्त भेटायच्या नाहीत.

परवाच्या कार्तिकात वहिनीच्या थोरल्या मुलाचं लग्न निघालं. त्याला कार्यालय हवं होतं, लाऊडस्पीकर हवा होता. दादा म्हणाला, "आमच्या वेळी झाडाखाली—" तर पोरगा म्हणाला, "बाबा, तुमचा तो पंचा मी पाहिलाय." बाकी सगळं विकतचं, हळद तेवढी आजी म्हणेल तशी. जातं मी ओढत होते. आईचे हात आता चालत नाहीत, ती शेजारी बसून नागरमोथा निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "ह्या खेपेलाही हळद तूच ने बाई. तरण्या पोरींचा भरवसा नाही. तू मागल्या खेपेला पडलीस, पण हळद पोचवलीस."

माझा हात थांबला. जातं थांबलं की आईला लगेच कळतं.

"काय झालं?"

मी सांगितलं. दंडापासून हिंगापर्यंत, गाळलं काही नाही. सांगायला फार वेळ लागला नाही. एवढी छोटी गोष्ट होती ती.

आईनं खुंट्यावरची हळद बोटानं पुसली. मग म्हणाली, "त्या चांदीच्या वाटीला पोचा आहे. तो तेव्हाचा?"

"हो."

"मी सोनाराला बोलले होते त्याबद्दल. मेला बिचारा." तिनं नागरमोथ्याची काडी बाजूला टाकली. "उद्या सांगलीची गाडी कितीला?"

एस.टी.त आई खिडकीशी बसली. मांडीवर विहीणबाईंसाठी हळदीचा डबा होता.

विहीणबाई ओटीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. आईला दारात बघून त्यांच्या हातांतलं सूप कलंडलं. आईनं बसायच्या आधीच सांगून टाकलं. "विहीणबाई, मी तुमच्यावर वाईट आळ घेतला. मनातच घेतला, पण घेतला. मला वाटलं तुम्ही माझी हळद टाकलीत आणि स्वयंपाकातली लावलीत. ती ह्या माझ्या गुणी लेकीनं पाण्यात घालवली होती."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "म्हणजे तो हिंग..."

"तुमच्या आचाऱ्याचा."

"अगंबाई! तुमची रीत नव्हती ती?"

"हिंगाची कसली रीत?"

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतायत. "अहो, मला वाटलं साताऱ्याकडे घालत असतील, दृष्ट लागू नये म्हणून. विचारायचं कसं? आणि थोरलीचं इतकं चांगलं झालं. मग धाकटीच्या सासरहून हळद आली, ती मी आत नेली आणि गुपचूप चिमूटभर हिंग टाकला. थोरलीला लाभला म्हणून! मग माझ्या बहिणीनं नातीच्या लग्नात टाकला. आता आमच्या आळीत तीन-चार घरांत टाकतात."

आई हसली. पोट धरून, ठसका लागेपर्यंत हसली. विहीणबाईंनी पाणी दिलं, ते पिऊन पुन्हा हसली. मग हसू आवरून म्हणाली, "तुमची संक्रांतीची हळद मी लोणच्यात घालत होते."

"मग? टिकली का लोणची?"

"टिकली हो."

"तर झालं," विहीणबाई म्हणाल्या. पण हे म्हणताना त्यांनी डोळे पुसले, आणि ते हसण्याचं पाणी नव्हतं. "एकदा तरी यायचं होतंत. डोहाळजेवणाला मी तुमचा पाट मांडून ठेवला होता."

आईनं कलंडलेलं सूप सरळ केलं. तो रिकामा राहिलेला पाट माझ्या नावावर होता.

दुपारी आई त्यांच्या घरी पुरणपोळी जेवली. परतीच्या गाडीत, कराड मागं पडल्यावर ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "पुरण चांगलं करतात. इतकी वर्षं मी ते खाल्लं नाही." मग खिडकीकडे तोंड करून, "तुझं तोंड मला चार दिवस दाखवू नकोस."

"अगं, घरात लग्न आहे. हळद अर्धी दळायची राहिलीय."

"मग पाठ करून दळ."

तिनं ते खरं केलं. चार दिवस मी पाठमोरी दळत होते. वहिनी येऊन माझ्यासमोर बसली, जात्याच्या खुंट्याला हात लावला आणि माझ्याबरोबर ओढू लागली. तिला सगळं कळलं होतं. तिनं दोन मुठी हळकुंडं जात्यात घातली. मग म्हणाली, "वन्सं, गुडघे बरे झाले म्हणायचे सासूबाईंचे."

लग्नाच्या सकाळी नातवाला हळद लागली. विहीणबाई आदल्याच दिवशी येऊन राहिल्या होत्या. उरलेली हळद आईनं त्याच पोचा पडलेल्या वाटीत काढली, विहीणबाईंकडे पाहिलं आणि विचारलं, "टाकायचा का?"

"तुम्ही म्हणाल तसं."

आईनं चिमूटभर टाकला. मी सवयीनं हात पुढं केले.

"तू नाही," ती म्हणाली आणि वाटी स्वतःच उचलली. मुलीकडचं बिऱ्हाड कार्यालयातच, मधल्या दालनापलीकडे होतं. वीस पावलांचं अंतर, खाली गुळगुळीत फरशी. एका बाजूनं तिला विहीणबाईंनी धरलं. दोघी मिळून इतक्या हळू निघाल्या की पलीकडचे लोक दारात येऊन उभे राहिले. मी मागून चालत होते. अर्ध्या वाटेत आई न वळताच म्हणाली, "काष्टा नीट खोचलायस ना?"